गोगलगाय, पोटात पाय आणि आपली बाग

‘गोगलगाय न् पोटात पाय’ ही म्हण आपण माणसांना लावतो. वरून गरीब आणि आतून पोचलेला, अशा गृहस्थाचे वर्णन करायला ती फार सोयीची आहे. पण ज्या प्राण्यावरून ती आली, त्याच्याकडे आपण किती वेळा वाकून पाहिले आहे? प्राणिशास्त्र विभागातील माझ्या एका मित्राने मला सांगितले की, गोगलगायीच्या वर्गाला शास्त्रात ‘गॅस्ट्रोपोडा’ म्हणतात आणि त्या ग्रीक शब्दांचा अर्थ ‘पोट-पाय’ असाच होतो. म्हणजे आमच्या आजीला जे ठाऊक होते, तेच पंडितांनी ग्रीकमध्ये लिहून ठेवले! आणखी एक गंमत. मराठीत ती ‘गाय’, तर कन्नडमध्ये ‘बसवनहुळ’, म्हणजे बसवाचा, नंदीचा किडा. डोक्यावरची शिंगे पाहून एका भाषेला गाय आठवली, दुसरीला बैल. आपल्या या अंकाच्या दोन्ही विभागांचे एकमत व्हावे असा हा एक तरी विषय आहे, म्हणून मी तो निवडला.

खरे कारण मात्र वेगळे आहे. येत्या जूनमध्ये आपल्या कॉलेजच्या आवारात नवी बाग व्हायची आहे. त्यासाठी नेमलेल्या समितीत, का कोण जाणे, माझेही नाव घातले गेले. मी मराठीचा प्राध्यापक. वनस्पतिशास्त्राशी माझा संबंध कवितेतल्या मोगऱ्यापुरता. पहिल्याच बैठकीत झाडांची यादी पुढे आली: क्रोटन, ड्युरांटा, शोभेचे पाम, दुहेरी पाकळ्यांची जास्वंद, मधोमध हिरवळ आणि पावसाळ्यात कडेने डेलिया, झिनिया, झेंडू. शेवटच्या ओळीत ‘गोगलगायींसाठी विषारी गोळ्या’ असाही एक खर्च होता. मी विरोध केला. माझे मत एकटे पडले. सभेत हरलेला मास्तर शेवटी लेखणीच उचलणार, तसा मी हा लेख लिहीत आहे.

विरोध का केला ते सांगायचे तर मला स्वतःची एक चूक आधी सांगितली पाहिजे. ती आजवर मी एका व्यक्तीशिवाय कुणालाही सांगितलेली नाही.

शहापूर भागातल्या आमच्या जुन्या घरामागे लांबट परसू आहे. तीन वर्षांपूर्वी मला बागेची हौस आली. मे महिन्यात वाफे केले, रोपवाटिकेतून झेंडू, डेलिया आणि झिनियाची रोपे आणली, मांडवावर दुधी आणि काकडी सोडली. मृगाचा पाऊस बरा झाला. रोपे तरारली आणि आषाढाच्या झडीत एका सकाळी पाहतो तर वाफ्यात नुसते खुंट! झेंडूच्या रोपांची पाने नव्हती, डेलियाचे कोंब नव्हते, काकडीचे वेल बुंध्यातून कुरतडलेले. मातीवर आणि भिंतीवर चकाकणाऱ्या चिकट रेघा तेवढ्या होत्या. रात्री बॅटरी घेऊन गेलो तेव्हा चोर सापडले. मुठीएवढ्या शंखाच्या गोगलगायी आणि त्यांच्या जोडीला बिनशंखाच्या, काळपट, चामड्याच्या तुकड्यासारख्या दिसणाऱ्या.

शेजारी एक अज्जी राहतात. कन्नड घरातल्या, पण आमच्याशी बोलताना मराठीच. त्या कुंपणापलीकडून म्हणाल्या, “भाळ आग्याव रे यंदा. फार झाल्यात. मीठ नको हं टाकू, माती मरते.” मी मीठ टाकले नाही. मी दुकानातून गोळ्या आणल्या आणि वाफ्याभोवती मुठीने फेकल्या.

सकाळी पंधरा-वीस गोगलगायी मरून पडल्या होत्या. मला विजय मिळाल्यासारखे वाटले. तिसऱ्या दिवशी गल्लीतला राजा नावाचा कुत्रा, जो अज्जींच्या पायरीवर झोपत असे आणि त्यांच्या हातची भाकरी खात असे, झटके येऊन तडफडत मेला. अज्जी दोन दिवस म्हणत होत्या, “काय खाल्लं कुणास ठाऊक.” मला ठाऊक होते. या गोळ्यांत बहुधा मेटाल्डिहाइड नावाचे विष असते आणि ते कोंड्यासारख्या खाद्यात कालवलेले असल्यामुळे कुत्र्यांना त्याची चव लागते. हे सगळे मी नंतर वाचले. पाकिटावर ते लिहिलेलेही होते, पण वाचण्याची तसदी मी घेतली नव्हती. दिवसभर वर्गात वाचनाचे महत्त्व सांगणाऱ्या माणसाची ही गोष्ट आहे.

मी गप्प राहिलो. त्या वर्षी झेंडू पुन्हा लावले, तेही खाल्ले गेले. दुधीचा वेल वाचला, मांडवभर पांढरी फुले आली. पण मादी फुलाखालचा इवलासा दुधी बोटभर होऊन पिवळा पडे आणि गळे. फुलांवर कुणी येतच नव्हते. पाने खाणारे आले होते आणि फळ धरवणारे आले नव्हते. माझ्या बागेचा ताळेबंद असा दोन्ही बाजूंनी तोट्यात होता.

आता पलीकडे पाहा. अज्जींच्या परसात कसलीही योजना नव्हती. कुंपणाला अडुळसा आणि निर्गुडी, दाराशी कढीपत्ता, विहिरीजवळ पानओवा, दहा-बारा तुळशी, एक कोरांटीचे जाळे, अबोलीची रांग आणि देवासाठी सदाफुली. त्याच गल्लीतला, तोच पाऊस आणि त्याच गोगलगायी. पण तिथे पाने जवळजवळ शाबूत होती आणि सकाळी नऊला ऊन पडले की, तुळशीच्या मंजिऱ्यांवर मधमाश्यांचा गुंजारव ऐकू येई. मला जे पैसे खर्चून जमले नव्हते, ते त्यांना न ठरवता जमले होते. हे कसे, याचा शोध घेण्यात माझी दोन वर्षे गेली.

आधी गोगलगायीविषयी. आपल्याकडे सर्वांत जास्त नासधूस करणारी मोठी शंखी गोगलगाय ही मुळात इथली नाही. ती पूर्व आफ्रिकेतली. विल्यम बेन्सन नावाच्या शंख-शिंपल्यांच्या एका शौकिनाने ती मॉरिशसहून आणली आणि १८४७ साली कलकत्त्याच्या चौरंगी भागातल्या बागेत ती सोडली गेली. तिथून ती देशभर पसरली. आपल्या डोंगरांत माजलेली घाणेरीसुद्धा एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेचे झाड म्हणूनच कलकत्त्याच्या बागेत आणली गेली होती. म्हणजे दोन्ही संकटे बागेच्या हौसेतूनच आली. बाग समितीच्या सदस्यांनी एवढा इतिहास लक्षात ठेवायला हरकत नाही.

या प्राण्याची तयारी मोठी आहे. एकाच देहात नर आणि मादी दोन्ही. एका खेपेला शे-दोनशे अंडी. जिभेच्या जागी हजारो बारीक दातांची कानस. कोरड्या दिवसांत ती शंखाचे तोंड पापुद्र्याने बंद करून जमिनीत किंवा भिंतीच्या फटीत पडून राहते आणि पाऊस आला की उठते. शंख वाढवायला तिला चुना लागतो, म्हणून ती भिंतीचा गिलावाही चाटते. वाफ्याभोवती आखलेली चुन्याची रेघ कोरडी असेपर्यंतच तिला अडवते. बेळगावच्या पावसात ती रेघ तासभरही टिकत नाही. २०२२ च्या पावसाळ्यात लातूर-बीडकडे याच शंखी गोगलगायींनी कोवळे सोयाबीन फस्त केले आणि शेतकऱ्यांवर दुबार पेरणीची पाळी आली. तेव्हा हा प्रश्न केवळ हौशी बागवाल्यांचा नाही. शिवाय उंदरांच्या अंगातल्या एका कृमीची पिले या गोगलगायीत वाढतात आणि ती माणसाच्या पोटात गेली तर मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते. म्हणून गोगलगायी उघड्या हाताने उचलू नयेत आणि पावसाळ्यात परसातली पालेभाजी नीट धुऊन, शिजवूनच खावी.

पण म्हणून सगळ्याच गोगलगायी शत्रू नव्हेत. सह्याद्रीत अशा कितीतरी जाती आहेत की ज्या जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. त्या कुजका पाला आणि बुरशी खाऊन जंगल साफ ठेवतात. विषाची गोळी देशी-परदेशी असा भेद करीत नाही. आणि गोगलगायींना खाणारेही आहेत! भारद्वाज पक्षी शंखातून गोगलगाय ओढून खातो. बेडूक लहान पिले टिपतात. काजव्याच्या अळ्या तर गोगलगायींवरच पोसतात. पावसाच्या तोंडावर आंबोली-चोर्ल्याच्या वाटेवर काजव्यांनी पेटलेली झाडे पाहायला आपण गाड्या करून जातो. त्या दिव्यांचे तेल कुठून येते याचा विचार करीत नाही. विषाने गोगलगाय संपत नाही, ती पुन्हा येते. तिला खाणारे मात्र लवकर परत येत नाहीत.

आता दुसरी बाजू, म्हणजे बागेत ज्यांना बोलवायचे त्या पाहुण्यांची. मधमाशी म्हटली की आपल्याला एकच माशी दिसते. प्रत्यक्षात आपल्याकडे भिंतीच्या पोकळीत आणि झाडांच्या ढोलीत राहणारी सातेरी आहे, उंच झाडाला किंवा पाण्याच्या टाकीला पोळे लावणारी आग्या आहे, झुडपात छोटे पोळे करणारी फुलोरी आहे आणि डास-चिलटांएवढी, नांगी नसलेली पोयाची माशी आहे. त्याशिवाय एकेकट्या राहणाऱ्या माश्या आहेत. काळा मोठा भुंगा वाळल्या लाकडात किंवा बांबूत घर करतो. बेळगावचे जुने नाव वेणुग्राम. वेणू म्हणजे बांबू. बांबूच्या या गावात भुंग्याला जागा उरली नाही तर नावाला तरी काय अर्थ? हा भुंगा आणि निळ्या पट्ट्यांची माशी वांग्या-टोमॅटोच्या फुलाला धरून अंग थरथरवतात, तेव्हा त्याचे पराग बाहेर पडतात. हे काम पोळ्यातल्या मधमाशीला येत नाही. म्हणजे भरल्या वांग्याच्या भाजीमागेही एक भुंगा उभा असतो.

माझा दुधी का गळला, तेही मला उशिरा कळले. काकडी आणि तांबडा भोपळा सकाळी फुलतात, त्यांना माश्या हव्यात. दुधीचे फूल संध्याकाळी उमलते, त्याला रात्रीचे पतंग हवेत. मी परसात रात्रभर मोठा दिवा जळत ठेवत होतो. गोगलगायी दिसाव्यात म्हणून! पतंग त्या दिव्याभोवती फिरून दमत आणि फुले उपाशी राहत.

हे सगळे नाजूक आहे. १९९१-९२ च्या सुमारास ‘थाई सॅकब्रूड’ नावाच्या विषाणुरोगाने कर्नाटक, केरळ आणि तमिळनाडूतल्या सातेरीच्या वसाहती मोठ्या प्रमाणावर नष्ट झाल्या होत्या. रोगाला आपला इलाज नसेल, पण उपासमारीला आहे. आपल्या भोवतालच्या मळ्यांतून रोज गोव्याच्या बाजारात भाजी जाते. तिच्यातल्या काकडी, दोडका, दुधी, भोपळा या सगळ्यांना फळ धरायला कुणीतरी फुलावर यावे लागते. शहराने क्रोटन लावायचे आणि शेतकऱ्याने माशीची वाट पाहायची, हा न्याय नव्हे.

तेव्हा निवड कशी करावी? माझ्या अनुभवातून मला तीन गोष्टी उमगल्या.

पहिली गोष्ट पानाची. गोगलगायीला कोवळे, रसाळ, मऊ पान आवडते. पान उग्र वासाचे, कडू, चिवट किंवा लवदार असले की ती सहसा पुढे जाते. तुळस, पानओवा, निर्गुडी उग्र, अडुळसा कडू, त्याला तर गुरेही तोंड लावत नाहीत, कोरांटी काटेरी, एक्झोरा आणि कढीपत्ता लाकडी अंगाचे. सदाफुली आणि कण्हेर यांचा चीक विषारी असतो. म्हणून कण्हेर मुलांच्या आणि गुरांच्या वाटेवर लावू नये. याउलट झेंडू, डेलिया, झिनिया, पपई आणि काकडीवर्गाची कोवळी रोपे म्हणजे गोगलगायींचे पंचपक्वान्न. दसरा-दिवाळीचा झेंडू लावायची वेळ आणि गोगलगायींच्या भुकेची वेळ एकच येते, हे आपले दुर्दैव.

दुसरी गोष्ट फुलाची. दुकानात दुहेरी फूल महाग असते, पण त्याच्या पुष्कळशा पाकळ्या म्हणजे रूप बदललेले पुंकेसरच असतात. पराग कमी, मध असला तरी वाट बंद. माशीच्या दृष्टीने ती पत्रावळ्या मांडून जेवण न वाढलेली पंगत आहे. एकेरी फूल साधे दिसते, पण वाढलेले असते. तुळशीची मंजिरी खुडायची आपल्याकडे रीत आहे. त्याने झाड डेरेदार होते हे खरे. पण दहांपैकी चार तुळशींच्या मंजिऱ्या तशाच ठेवून पाहा. कोथिंबिरीचा, मोहरीचा एक कोपरा फुलावर येऊ द्या. अडुळसा थंडीत फुलतो, कोरांटीही पाऊस ओसरल्यावर बहरते. वर्षभर काही ना काही फुललेले राहील अशी पाळी लावली की पाहुणे मुक्कामाला येतात. कढीपत्त्यावर आणि लिंबावर फुलपाखरांच्या अळ्या दिसतील. त्यांना मारू नये. महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेल्या राणी पाकोळीचेही बालपण लिंबाच्या जातीच्या पानांवरच जाते.

तिसरी गोष्ट रीतीची. कुठलेही झाड गोगलगायीला शंभर टक्के नको असते असे मानू नये. भुकेल्याला निवड नसते. म्हणून झेंडू, सूर्यफूल हवेच असेल तर रोपे उंच फळीवर कुंडीत वाढवावी आणि बुंधा टणक झाल्यावरच जमिनीत लावावी. पाणी संध्याकाळी न घालता सकाळी घालावे, म्हणजे रात्री माती कोरडी राहते. झडीच्या दिवसांत संध्याकाळी ओले गोणपाट पसरून त्याखाली पपईचा पाला ठेवावा. पहाटे उचलले की खाली मेळा भरलेला असतो. मोठ्या शंखी गोगलगायी चिमट्याने उचलून साबणाच्या पाण्यात बुडवाव्या आणि खोल पुराव्या. काम किळसवाणे आहे, हे मी नाकारत नाही. पण पहिल्या पावसाळ्यात महिनाभर केले की दुसऱ्या वर्षी ते निम्म्यावर येते, हा माझा अनुभव आहे.

आता माझ्या समितीतल्या सहकाऱ्यांचे आक्षेप. ‘अडुळसा आणि तुळस लावून कॉलेजचा काय वैद्यशाळा करायचा आहे का?’ असे एकाने विचारले. सगळे हसले, मीही हसलो. पण प्रश्न सौंदर्याचा आहे हे मला मान्य आहे. क्रोटन बारा महिने एकाच रंगात उभे राहते, पाहुणे येण्याच्या दिवशी ते कामाला येते. उरलेले दिवस तिथे काही घडत नाही. मी मात्र अबोलीवर पिवळे फुलपाखरू बसलेले पाहायला दोन तासिकांमधल्या वेळात थांबेन, आणि मला वाटते की विद्यार्थीही थांबतील. दुसरा आक्षेप भीतीचा: माश्या आल्या तर मुलांना चावतील. फुलावर आलेली माशी कामात असते; तिला हात लावला नाही तर ती आपल्याकडे बघतही नाही. भीती आग्या मोहोळाची असावी, तीही पोळ्याला धूर किंवा दगड लागला तरच. पोळे जाळणे हा मात्र त्यावरचा उपाय नव्हे.

आणि विषाच्या गोळ्यांना माझा विरोध का, ते वर आलेच आहे. आपल्या आवारात वसतिगृहाच्या स्वयंपाकघराभोवती चार कुत्री आणि दोन मांजरे आहेत. त्यांना कुणी नावे दिली आहेत, कुणी आपल्या ताटातला घास देतो. यादीतला तो एक खर्च कमी करा, एवढे जरी समितीने ऐकले तरी मी बाकीच्या मुद्द्यांवर आणखी एक वर्ष भांडायला तयार आहे.

गेल्या वर्षी श्रावणात मी अज्जींकडे अडुळशाची फांदी मागायला गेलो आणि राजाविषयी सांगून टाकले. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “सांगितलंस ते बरं केलंस. त्या गोळ्या अजून उरल्यात का घरात?” उरल्या होत्या, माळ्यावर. “आधी त्या काढ. मग फांदी ने.”

मी आधी त्या काढल्या आणि मग फांदी आणली. ती आता कुंपणाला लागली आहे आणि यंदा थंडीत फुलली. मांडवावर सात दुधी धरले. त्यातले दोन अज्जींकडे गेले. जूनमध्ये कॉलेजच्या बागेसाठी मी अडुळशाच्या चाळीस फांद्या, तुळशीची रोपे आणि कोरांटीचे बी घेऊन येणार आहे. समितीने जागा दिली तर मधोमध लावीन, नाही दिली तर मागच्या कुंपणाला. विद्यार्थिमित्रांनो, ज्यांना खुरपे धरता येते त्यांनी यावे. आणि जे कन्नड विभागात लिहितात त्यांनी हाच विषय त्यांच्या पानांवरही मांडावा. गाय आणि बसव मिळून मत मांडतील तर समितीला ऐकावेच लागेल.